उदाहरणं ठेवायची कुठे? डॉकस्ट्रिंग, फोल्डर की नोटबुक

आमची पायथन लायब्ररी छोटीशी आहे. आकडा दिला की लाख-कोटींचे स्वल्पविराम घालून देते: १२३४५६७ चे १२,३४,५६७. मध्यंतरी एका पॅरामीटरचं नाव बदललं, पण रीडमीतलं (लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलीतलं) उदाहरण जुनंच राहिलं. घाटकोपरच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने ते जसंच्या तसं चिकटवलं. टाइप-एरर आला आणि अर्धा दिवस ती स्वतःचीच चूक शोधत बसली. तुम्हीही लायब्ररीत उदाहरणं घालायला बसला असाल, तर आम्ही काय काय तोलून पाहिलं ते सांगतो.

माझं मत आधी डॉकस्ट्रिंगला, म्हणजे फंक्शनच्या आतच लिहिलेल्या त्याच्या माहितीला. त्यातली उदाहरणं तपासणारं डॉकटेस्ट पायथनसोबतच येतं, २००१ च्या २.१ आवृत्तीपासून. तीन बाणांपुढे कोड, खालच्या ओळीत उत्तर. टेस्ट चालवली की ते दोन्ही ताडून बघतं. नाव बदललं की उदाहरण त्याच दिवशी बोंब मारतं. रस्ट भाषेत 'कार्गो टेस्ट'ही डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून बघतं. गो भाषेत मात्र जपून: उदाहरणाखाली आउटपुटची कमेंट नसेल तर ते नुसतं कंपाइल होतं, चालत नाही.

डॉकटेस्टचा जाच एकच, उत्तर अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. स्ट्रिंगचा सेट छापलात तर क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो, म्हणून आधी सॉर्ट करा. दशांशाची शेपूट राउंड करून छाटा. आजची तारीख तर नकोच. चुकीचा इनपुट दिला की कुठला एरर येतो, तेही दाखवा. एररसोबत छापल्या जाणाऱ्या ट्रेसबॅकच्या मधल्या ओळी डॉकटेस्ट बघतच नाही. आणि ओळी आखूड ठेवा. आमच्यातले निम्मे जण डॉक्युमेंटेशन डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने कडी धरून वाचतात.

पण फाइल वाचून रिपोर्ट काढण्यापर्यंतचा अख्खा प्रवास डॉकस्ट्रिंगमध्ये कोंबलात तर कुणी वाचणार नाही. त्यासाठी उदाहरणांचं वेगळं फोल्डर बरं. फक्त त्यातल्या फाइली सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत, चालवा, नाहीतर वर्षभरात त्यांचीही गत आमच्या रीडमीसारखी होईल.

नोटबुक, म्हणजे कोडचे तुकडे (सेल) आणि त्यांचं आउटपुट एकत्र ठेवणारी फाइल? लायब्ररी आलेख काढत असेल तर जरूर. एरवी सेल उलटसुलट क्रमाने चालवलेले असतात, आणि आउटपुटही त्याच जेसन फाइलीत बसत असल्याने गिटमध्ये दोन आवृत्त्यांतला फरक धड वाचता येत नाही. आम्ही सोडून दिलं.

शेवटी लोक सारखे विचारतात त्या फंक्शनांना डॉकटेस्ट लावले आणि फोल्डरात तीन फाइली ठेवल्या. रीडमीसुद्धा डॉकटेस्टमधून चालवता येतं. त्यात कोडचा ब्लॉक बंद करणाऱ्या तीन बॅकटिकच्या आधी एक ओळ मोकळी सोडा. नाहीतर तेही उत्तराचाच भाग धरले जातात आणि टेस्ट फेल होते. यात आमची एक संध्याकाळ गेली.