टचस्क्रीन की नॉब: गाडीतला एसी कुठून चालवायचा?

साधारण एकाच किमतीच्या दोन गाड्यांमधून एक निवडताना मायलेज, डिकी आणि एअरबॅग यांची तुलना सगळेच करतात, म्हणून ती येथे पुन्हा करीत नाही. आमच्या घरात दोन्ही तऱ्हा आल्या आहेत. मेहुण्यांच्या गाडीत एसीपासून बाहेरच्या आरशांपर्यंत जवळजवळ सगळे मधल्या मोठ्या टचस्क्रीनवर आहे. माझ्या गाडीतली स्क्रीन बेताची असून तिच्याखाली ब्लोअरचा व तापमानाचा असे दोन गोल नॉब आणि पुढच्या काचेवरची वाफ घालवण्याचे एक स्वतंत्र बटण आहे. सोलापूर–पुणे रस्त्यावर दोन्ही गाड्या आलटूनपालटून चालवल्या जातात, त्यामुळे पुढचे मत त्या अनुभवापुरतेच समजावे.

मोठ्या स्क्रीनचे गुण मान्य केले पाहिजेत. नवी पेठेच्या गर्दीत गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र जेवढे मोठे, तेवढा जीव भांड्यात पडतो. नकाशावर पुढचे वळण एका नजरेत कळते. गाडी उभी असताना एकदाच करायच्या सेटिंगसाठीही स्क्रीनच सोयीची, कारण तेवढ्या सगळ्या गोष्टींना बटणे दिली तर डॅशबोर्डवर जागा उरणार नाही.

अडचण चालत्या गाडीत वारंवार बदलाव्या लागणाऱ्या गोष्टींची आहे, आणि माझा निर्णय त्यातल्याही एकाच गोष्टीने केला. सोलापुरात जोराचा पाऊस बहुधा मान्सूनच्या परतीच्या वेळी पडतो. अशा पावसात टेंभुर्णीच्या अलीकडे मेहुण्यांची गाडी मी चालवीत होतो आणि पुढच्या काचेवर आतून वाफ धरू लागली. स्क्रीनवर फोनचा नकाशा उघडा होता. त्यातून बाहेर पडायचे, एसीचे पान उघडायचे, काचेकडे हवा वळवण्याचे नखाएवढे चिन्ह शोधायचे. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, बोट शेजारच्या चिन्हावर पडले आणि हवा पायांकडे वळली. म्हणजे समोरचे दिसेनासे झाले असताना, ते दिसावे म्हणूनच, नजर समोरून काढून घ्यावी लागत होती. माझ्या गाडीत त्या बटणाला वरून एक उंचवटा आहे. हात तेथे आपसूक जातो आणि दाबल्याचे बोटाला कळते.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2013 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कामासाठी एका वेळी नजर रस्त्यावरून 2 सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि सगळ्या नजरा मिळून 12 सेकंदांत काम व्हावे. ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने 2 सेकंदांत गाडी सुमारे 44 मीटर पुढे जाते. गाळप हंगामात मोहोळच्या आसपास रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली ज्यांनी अचानक समोर पाहिली आहे, त्यांना 44 मीटर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

उन्हाची तक्रार त्या मानाने किरकोळ, पण आपल्या भागाची खास आहे. सकाळी पुण्याकडे निघावे तर सूर्य पाठीशी, संध्याकाळी परतावे तरीही पाठीशी; चालकाच्या डोळ्यांना ते सुखाचे असले तरी मागच्या काचेतून येणारी तिरीप नेमकी स्क्रीनवर पडते आणि त्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. बोलून आज्ञा देण्याची सोय मेहुण्यांच्या गाडीत आहे, परंतु मागे गप्पा रंगल्या की ती गोंधळते, आणि गप्पा रंगत नाहीत असा आमचा प्रवास नसतो.

ही आवड केवळ जुन्या सवयीची असेल असे मला आधी वाटत असे. तथापि स्वीडनमधील एका मोटार नियतकालिकाने 2022 मध्ये घेतलेल्या चाचणीत, ताशी 110 किलोमीटर वेगाने ठरावीक चार कामे करायला 2005 च्या बटणांच्या गाडीत 10 सेकंद लागले, तर सर्वांत मागे पडलेल्या नव्या टचस्क्रीन गाडीत 44.6 सेकंद. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही जानेवारी 2026 पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांसारख्या मोजक्या नियंत्रणांसाठी प्रत्यक्ष बटणे किंवा दांडे असण्याला गुणांकनात वजन दिले आहे. एसी त्या यादीत नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे. तेथे आपले आपणच पाहावे लागते.

ज्यांचे बहुतेक फिरणे सोलापुरातल्या सात रस्ता ते होटगी रोड एवढेच आहे, त्यांना मोठ्या स्क्रीनचा फारसा त्रास होणार नाही. महामार्गावर नेहमी जाणाऱ्यांनी मात्र टेस्ट ड्राइव्ह घेताना आपला फोन जोडून नकाशा उघडा ठेवावा, आणि समोर बघतच ब्लोअर वाढवता व काचेकडे हवा वळवता येते का ते पाहावे. स्क्रीनखालच्या चकचकीत काळ्या पट्टीवर बटणांची नुसती चित्रे असतील तर ती स्क्रीनच समजावी, कारण बोटाला तेथे काहीच लागत नाही. शिवाय एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये नॉब आणि वरच्यात टच पॅनेल असेही आढळते, तेव्हा चालवून पाहिलेले आणि बुक केलेले व्हेरिएंट एकच असल्याची खात्री पैसे भरण्यापूर्वी करून घ्यावी.