शांती समुदायाचं चॉकलेट, आपला गूळ आणि आजीची रवी

मावसबहीण कोलंबियाहून येताना चॉकलेटच्या दोन वड्या घेऊन आली, सान होसे दे आपार्तादोच्या शांती समुदायाच्या, म्हणजे तिथल्या लढाईत कुणाचीच बाजू न घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या. खरं सांगते, मला आधी वाटलं चांगल्या कामासाठी घेतलेल्या वस्तूंचं जे होतं तेच याचं होणार, फ्रिजच्या दारात सहा महिने पडून राहणार. एक वडी तर बॅगेतच वितळून वाकडी झालेली, मे महिन्यात आणल्यावर दुसरं काय होणार, म्हणून तीच आधी फोडली.

नुसतं खाल्लं तर कडवट आणि जरा रवाळ लागतं, मिल्क चॉकलेटची सवय असेल तर पहिला तुकडा आवडणारच नाही. आमच्या मुलांनी तोंडं वाकडी केली. पण तिकडे चॉकलेट मुख्यतः प्यायचं असतं! बरेच जण पानेलाच्या पाण्यात उकळतात, पानेला म्हणजे चक्क आपला गूळ, आणि फेस यायला लाकडी मोलिनियो दोन तळव्यांत धरून घुसळतात, म्हणजे रवीच की. मग काय, माळ्यावरून आजीची ताकाची रवी काढली, कोल्हापुरी गूळ घातला आणि असलं भारी झालं की मुलांनी दुसरा कप मागितला.

आता हे करतात कोण. उराबा भागातले शेतकरी, जिथे गनिमी बंडखोर, लष्कर आणि त्यांच्याशी साटंलोटं असलेल्या खासगी सशस्त्र टोळ्या यांच्या मधे गावंच्या गावं भरडली गेली. २३ मार्च १९९७ ला यांनी जाहीर केलं की आम्ही कुणाच्याच बाजूने नाही. शस्त्र बाळगायचं नाही, कुठल्याच बाजूला माहिती द्यायची नाही, सामुदायिक कामाला यायचं, हे सगळं वेशीवरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण बंदूकवाला दारात येऊन 'ते कुठल्या बाजूला गेले' विचारतो तेव्हा गप्प राहणं म्हणजे काय ते आपल्याला घरात बसून नाही कळायचं. २१ फेब्रुवारी २००५ ला त्यांचे नेते लुईस एदुआर्दो गेर्रा यांच्यासकट ८ जणांना मारलं, त्यात लहान मुलं होती, आणि त्यात लष्कराचा हात होता हे पुढे कोर्टात आलं. त्यानंतर गावात पोलीस चौकी बसवली तर हे लोक घरं सोडून बाहेर पडले आणि जवळच सान होसेसितो वसवलं, कारण पोलीस झाले तरी हत्यारबंदच ना. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष सांतोस यांनी आधीच्या सरकारने या समुदायावर केलेल्या आरोपांबद्दल माफी मागितली, तरी २०२४ च्या मार्चमध्ये परत दोघांना मारलं.

आणि हे सगळं चालू असताना कोकोच्या शेंगा तोडायच्या, बिया आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या. कोका, म्हणजे ज्यापासून कोकेन बनतं ते झुडूप, लावायचा नाही हेही ठरलेलं, मग जमिनीवर टिकून राहायचं तर कोको हवाच. इंग्लंडची लश कंपनी कॉस्मेटिक्ससाठी यांच्याकडून कोको बटर घेत आलीय, म्हणजे माल दयेवर खपत नाहीये.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क रवाळपणाचा कापला. तिकडे गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे टाकतात म्हणे. पनीर टाकू नका, करून बघितलंय.