करवंटीचा कार्बन, वर्षभर वापरून

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, विहीर जांभ्यातली. पाऊस सुरू झाला की पंचायतीची माणसं विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकून जातात, ती टाकायलाच हवी, पण मग पुढचे चार-पाच दिवस आईचं एकच, "चायेक टीसीएलचो वास मारता रे." म्हणून गेल्या जूनमध्ये जवळच्याच एका कारखान्यातून करवंटीपासून केलेला दाणेदार अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणला, दोन किलो, आणि 10 इंची फिल्टरच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये भरून बसवला.

आधी सांगतो, वास गेला. पहिल्याच दिवशी गेला. आई दोन घोट पिऊन काहीच बोलली नाही, म्हणजे पास.

पण भरण्याआधी धुवा, मी पहिल्या वेळी नीट धुतला नाही आणि नळातून काळं पाणी थेट पिण्याच्या हंड्यात. दुसऱ्यांदा बादलीत टाकला तर सोडा फोडल्यासारखा सूं सूं आवाज, बारीक बारीक बुडबुडे, छिद्रांतली हवा बाहेर पडते ती. सहा पाणी काढल्यावर निवळ आलं. भुकटी एवढी नसायला हवी, कारखान्यातच चाळून द्यायला पाहिजे.

काहीजण म्हणतात बंबातला कोळसा टाकला तरी चालेल. नाही चालत. करवंटी आधी कमी हवेत जाळून कोळसा करतात आणि मग 800 ते 1000 अंशाला वाफ सोडतात, त्या वाफेने आत सूक्ष्म छिद्रं उघडतात, एका ग्रॅममध्ये साधारण 1000 चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो, म्हणजे चिमूटभर कोळशात जवळजवळ 10 गुंठे! वास, रंग त्या पृष्ठभागावर अडकतात, आणि क्लोरीनची तिथे कार्बनशी प्रक्रिया होऊन त्याचं क्लोराइड होतं. मी ग्लासभर पाण्यात शाईचा थेंब टाकून वर दोन चमचे कार्बन घातला, सकाळी पाणी स्वच्छ.

आता जे होत नाही तेही सांगायला हवं कारण विकणारे सांगत नाहीत. मे महिन्यात खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात, आमचीही झाली, तो खारटपणा कार्बनने तसूभरही कमी होत नाही. जंतूही मरत नाहीत, उलट क्लोरीन निघून गेल्यावर ओल्या कार्बनवर जंतू वाढू शकतात, म्हणून आम्ही पाणी अजूनही उकळूनच पितो. लाल पाणी येत असेल तर आधी गाळाचा फिल्टर लावा, नाहीतर कार्बन लवकर चोंदतो.

नोव्हेंबरात वास परत यायला लागला तेव्हा बदलला. शेजारचे काका उन्हात वाळवून परत वापरतात, त्याने तो फक्त सुकतो, छिद्रं रिकामी करायला परत भट्टीच लागते.

पिशवीवर ना तारीख ना आयोडीन नंबर. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो हा आकडा, पाण्यासाठी 900 च्या वर असलेला चांगला. विचारल्यावर फोनवर सांगितला, पण छापा ना! माल चांगला आहे, लपवायचं काय. आपल्याकडे एवढ्या करवंट्या चुलीत जातात, त्यांच्यातूनच पाणी साफ करणारी वस्तू इथेच बनते याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

दोन किलो संपत आलाय, या जूनआधी परत तिथूनच आणणार.