नवी झेड-४ : शोरूम ते घर, वर्धा रोडमार्गे

बीएमडब्ल्यू झेड-४ एम४०आय ही छत उघडता येणारी स्पोर्ट्स कार ताब्यात देताना शोरूमच्या कर्मचाऱ्याने विम्याची कागदपत्रे, नंबर प्लेट आणि टायरमधील हवा माझ्यासमोर तपासून दाखवली, हे मला हार-पेढ्यांपेक्षा अधिक मोलाचे वाटले. ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात सुमारे १० सेकंदांत उघडणारे कापडी छत मी नागपूरच्या वर्धा रोडवर उघडले, तेव्हा दुमजली पुलाच्या वरच्या मजल्यावरून धावणाऱ्या मेट्रोचा आवाज थेट अंगावर आला. सहा सिलिंडरच्या ३ लिटर इंजिनाची ३४० अश्वशक्ती शहरात वापरता येत नाही, शिवाय नव्या इंजिनाला सुरुवातीला जपावेच लागते. तरीही त्याचा संथ, घनगंभीर स्वर ऐकतच राहावासा वाटतो. गाडी बुटकी असल्याने गतिरोधक अगदी सावकाश ओलांडावेत. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र छत संध्याकाळनंतरच उघडणे शहाणपणाचे.