आधी छप्पर, मग सोनेरी रंग: ऑपेरा हाउस आणि इरॉस बघून कॅपिटॉलसाठी काय मागावं

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच कॅपिटॉल आहे. १८७९ साली 'गेइटी' नावाचं नाटकघर म्हणून उघडलेली ही इमारत १९२८ मध्ये सिनेमाघर झाली आणि आता बंद आहे. तिथून जवळच १९०८ चं न्यू एम्पायर; त्याचे खेळ मार्च २०१४ मध्ये थांबले. ही थिएटरं परत सुरू व्हावीत असं मनापासून वाटणारी माणसं या शहरात खूप आहेत. पण 'सुरू व्हावीत' म्हणजे नेमकं काय व्हावं? याचं उत्तर शोधायला मुंबईत दोन नमुने आहेत आणि दोन्ही तिकीट काढून आतून बघता येतात. एक गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस, दुसरं चर्चगेटचं इरॉस. एकात इमारत वाचली, पण रोजचा सिनेमा गेला. दुसऱ्यात रोजचा सिनेमा टिकला, पण जुनं सभागृह गेलं.

आधी ऑपेरा हाउस. चर्नी रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून मामा परमानंद मार्गाने चालत दहा मिनिटं. गाडी आणू नका, पार्किंगचे हाल होतात. कलकत्त्याहून आलेले नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या धंद्यातले जहांगीर फ्रामजी कराका यांनी १९०८ मध्ये हे नाटकघर योजलं. काम अपुरं असतानाच १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर या रंगमंचावर उभे राहिले. १९३५ च्या सुमारास त्याचं सिनेमाघर केलं गेलं आणि त्या फेरफारात बाजूचे बॉक्स, म्हणजे भिंतीलगतच्या वेगळ्या बैठका, गेले. १९५२ मध्ये इमारत गोंडल संस्थानच्या महाराजांकडे आली, १९९३ मध्ये खेळ थांबले. ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं पुन्हा उघडली, तोवर तेवीस वर्षं गेली होती.

वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेलं हे काम साधारण आठ वर्षं चाललं. २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा-संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. आता आसनं सुमारे ५७५ आहेत. आत गेल्यावर खेळ सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं हातात ठेवा आणि मान वर करून आठ पाकळ्यांचा घुमट नीट बघा. बाजूचे बॉक्स जुन्या फोटोंवरून पुन्हा उभे केले आहेत. नवं काम जुन्यात मिसळलं आहे, पण भडक झालेलं नाही. सोनेरी रंग जिथे हवा तिथेच आहे. हे सांगायचं कारण असं की बऱ्याच 'जीर्णोद्धारां'त पहिला खर्च रंगावर होतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तोच रंग पापुद्रे धरतो.

असं का होतं, ते थिएटर वाचवायला निघालेल्या प्रत्येकाला माहीत हवं. बंद थिएटर हे चालू थिएटरपेक्षा कितीतरी वेगाने खराब होतं. खेळ होत असतात तेव्हा पंखे, एक्झॉस्ट चालतात, कोणीतरी छतावर चढून पन्हळी साफ करतं. कुलूप लागलं की मुंबईचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तुंबलेल्या पन्हळीतून सरळ भिंतीत उतरतो. भिंत विटांची आणि चुन्याची असेल तर ती ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. त्यावर कोणी सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट फासला असेल, तर ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि गिलावा फुगतो. भिंतीत बसवलेल्या लोखंडी तुळयांना गंज चढला की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं. त्या रेट्याने वीट आणि दगड फुटतात. खालून बघणाऱ्याला फक्त छताला गेलेला तडा दिसतो. त्या तड्यात पुट्टी भरली की खालची तुळई आणखी दहा वर्षं कोणाला दिसत नाही.

म्हणून क्रम ठरलेला आहे: छप्पर, पन्हळी आणि पाण्याचे उतार, मग तुळया, मग भिंतींचं वाळणं, मग वायरिंग आणि वातानुकूलन, मग गिलावा आणि नक्षी, शेवटी रंग. छताच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या नक्षीचा चांगला राहिलेला तुकडा शोधून त्यावरून रबरी साचा काढतात, मग काथ्या घालून नवे तुकडे ओततात आणि न गंजणाऱ्या तारेने टांगतात. नुसत्या चिकटवलेल्या तुकड्यावर भरवसा ठेवू नये, खाली प्रेक्षक बसणार असतात. चुन्याचा नवा गिलावा पुरता वाळायला महिने लागतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की कात्री याच महिन्यांना लागते.

ऑपेरा हाउसबद्दलची तक्रार वेगळी आहे. ते आता सिनेमाघर नाही. संगीत, नाटक, अधूनमधून एखाद्या महोत्सवाचा सिनेमा, असं त्याचं चालतं. गिरगावात राहणाऱ्या माणसाला बुधवारी दुपारी सहज जाऊन सिनेमा बघता येत नाही. यामागे ध्वनीचंही कारण आहे. असं सभागृह मुळात माइकशिवाय गाणाऱ्या आवाजासाठी बांधलेलं असतं. तिथे आवाज थोडा घुमत राहावा लागतो, साधारण सव्वा ते दीड सेकंद. सिनेमाच्या ध्वनिपट्टीत घुमार आधीच मिसळलेला असतो. तिला त्याच्या निम्म्याच्या आसपासचं, कोरडं सभागृह लागतं. नाहीतर संवाद बरबटतात, विशेषतः मागच्या रांगांत. त्यावर उपाय आहे: मागच्या भिंतीवर आणि बाल्कनीच्या कठड्यावर जाड पडदे, जे सिनेमाला ओढायचे आणि मैफलीला बाजूला सारायचे. खुर्च्या घेताना पाठ-बैठकीला कापडी गादी आहे ना आणि बैठकीचा खालचा भाग आवाज शोषणारा आहे ना, हे बघावं. खुर्ची रिकामी असताना बैठक वर दुमडलेली असते. ती जागा माणसाइतकाच आवाज शोषत असेल तर दीडशे प्रेक्षकांतही सभागृह पाचशेंसारखं ऐकू येतं.

आता इरॉस. १९३८ मध्ये उघडलेलं, वास्तुरचना शोराबजी भेदवार यांची. आग्र्याचा लाल दगड आणि पांढुरका रंग यांची सांगड, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर जहाजासारखी पुढे आलेली इमारत. हा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या आधीच, २०१७ मध्ये, थिएटर बंद झालं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते एका पडद्याचं आयमॅक्स, म्हणजे अवाढव्य पडद्याच्या तंत्राचं सिनेमाघर, म्हणून परत सुरू झालं. दर्शनी भाग झकास झाला आहे. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचं प्रवेशदालन, चकचकीत कठड्यांचे जिने हे सगळं पुन्हा बघायला मिळतं, ही लहान गोष्ट नाही. चित्र आणि आवाज यांत खोट काढायला जागा नाही: लेझर प्रक्षेपण, भिंतीपासून भिंतीपर्यंत पडदा, समोरच्याचं डोकं आड येणार नाही असा उतार.

पण १,२०४ आसनांचं बाल्कनीवालं सभागृह आता नाही. आसनं तीनशेच्या आसपास आहेत. दालनातून आत पाऊल टाकलं की १९३८ संपतं. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही, निवडलेल्या तंत्राचाच हा परिणाम आहे. आयमॅक्सला उंच पडदा आणि तीव्र उतार लागतो. जुनी बाल्कनी त्या पडद्याच्या आणि आवाजाच्या वाटेत येते. आयमॅक्स ठरलं त्या क्षणी बाल्कनी गेली. म्हणून कॅपिटॉलसारख्या ठिकाणी आधी सभागृह मोजावं आणि त्यात बसेल ते यंत्र निवडावं. वारसा-नियमांवर सगळा भार टाकू नये. मुंबईत १९९५ पासून चालत आलेले वारसा-नियम पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या इमारती सोडल्या तर आतल्या बदलांना बरीच मोकळीक देतात. दर्शनी भाग वाचतो, आतलं जातं. आतलं वाचवायचं असेल तर मागणीत सभागृहाचा, बाल्कनीचा, पडद्याभोवतीच्या कमानीचा नावानिशी उल्लेख करावा लागतो.

दोघांच्या मधली वाट दाखवणारं तिसरं ठिकाण मरीन लाइन्सचं लिबर्टी, १९४९ चं. आतली सजावट वामन नामजोशींची. जयपूरचं राजमंदिरही त्यांचंच. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या कारंज्यांसकट सगळं सभागृह अजून अखंड आहे. एखादा महोत्सव तिथे असला तर नक्की जा, कारण काय वाचवायचं आहे ते तिथे बसल्यावर कळतं.

मग कॅपिटॉलसाठी मागायचं काय? हजार आसनं मागू नयेत. जुन्या थिएटरांत दोन रांगांमधलं अंतर ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास असे, आता किमान एक मीटर लागतं आणि खुर्चीही रुंद लागते. एवढ्यानेच आसनं बरीच कमी होतात. चारशे ते पाचशे हा आकडा प्रामाणिक आहे, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी चारशेचं सभागृह अर्धं भरलेलं दिसू शकतं. हजाराचं ओस वाटतं.

यंत्रही अवाढव्य नको. दहा मीटर रुंद पडदा धरा. रुंदी उंचीच्या १.८५ पट या प्रमाणात उंची ५.४ मीटर, क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर. प्रमाण मानलेला उजेड पडद्यावर पडायला सुमारे आठ हजार ल्युमेन (उजेडाचं माप) लागतात. प्रक्षेपण-खोलीच्या खिडकीची काच, भिंग आणि कालांतराने होणारी घट धरून दहा ते बारा हजारांचा टू-के (चित्राच्या रुंदीत सुमारे दोन हजार ठिपक्यांचा) लेझर प्रोजेक्टर पुरतो. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरातला झेनॉन वायूचा दिवा हजार-दोन हजार तासांत बदलावा लागतो, लेझर वीस हजारांच्या पुढे जातो; रोज तीन खेळ असले तर हा फरक वर्षाच्या हिशेबात ठळक दिसतो. फसगत होते ती कोनात. जुनी प्रक्षेपण-खोली बाल्कनीच्याही वर असते, किरण वरून खाली तिरपा येतो आणि चित्राच्या उभ्या कडा तिरक्या होतात. कोन पाच-सहा अंशांच्या आत राहत नसेल तर पडदा किंचित मागे कलता लावावा किंवा खोली खाली आणावी. आणि खिडकीला साधी काच लावू नये, प्रक्षेपणासाठीचीच लावावी. जागा असेल तर ३५ मिलिमीटरचं एक जुनं मशीन शेजारी उभं ठेवावं. जुन्या प्रिंट लावायची सोय शहरात कुठेतरी राहायलाच हवी.

जिने आणि दारं यांत तडजोड नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमाघराला लागलेल्या आगीत १९९७ साली ५९ माणसं गेली, तिथे वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडली होती. दारं बाहेरच उघडावीत, बाल्कनीला दोन स्वतंत्र जिने असावेत, खेळ चालू असताना कुठलंही दार बाहेरून लावलेलं नसावं. नाटकघर म्हणून बांधलेल्या जुन्या इमारतींत दुसरा जिना पुष्कळदा असतो, पण मध्ये कधीतरी त्याची कोठी झालेली असते. पाहणीत तो शोधून काढावा.

पैसे जमेपर्यंत थांबायचं कारण नाही. जिथे आत जायची परवानगी मिळेल तिथे ही कामं मे संपायच्या आत होण्यासारखी आहेत: पन्हळी आणि पावसाळी पाइप साफ करणं, फुटक्या कौलांवर किंवा पत्र्यांवर तात्पुरतं आच्छादन, दोन्ही टोकांच्या खिडक्या जाळी लावून उघड्या ठेवणं म्हणजे हवा खेळते, आणि कंगोऱ्यात उगवलेल्या पिंपळाचा बंदोबस्त. पिंपळ नुसता छाटू नये, तो दुप्पट जोमाने फुटतो. बुंधा कापून लगेच ताज्या कापावर मुळापर्यंत जाणारं औषध लावावं, मूळ मेल्यावरच दगड सैल करून ते काढावं आणि फट चुन्याने भरावी. तुळयांची टोकं उघडी करून शिल्लक जाडी मापून घ्यावी. जुनं घडीव लोखंड असेल तर वेल्डिंगवर भरवसा ठेवता येत नाही, जोडपट्ट्या बोल्टने बसवणं बरं. ठेकेदाराला हे आधी विचारावं, उत्तरावरून तो कितपत जाणता आहे ते कळतं. आणि काहीही पाडण्यापूर्वी सगळ्या सभागृहाची मोजमापं आणि फोटो घेऊन ठेवावेत. ऑपेरा हाउसचे बॉक्स परत उभे राहिले ते कोणीतरी जुने फोटो जपून ठेवले होते म्हणून.