फॅटी बोल्जरला न्याय मिळाला, हामाला नाही : आठ महिन्यांच्या डावांनंतर

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’ आमच्या घरी येऊन आता आठ महिने झाले. टॉल्कीनच्या कादंबरीवरचा, फँटसी फ्लाइट गेम्सचा हा खेळ मुळात 2011 चा. माझ्याकडे 2022 ची सुधारित आवृत्ती आहे आणि कादंबरीच्या पहिल्या भागावरचा मोठा विस्तारसंच. शिवाय एका मित्राने त्याचा जुना संग्रह दोन खोकी भरून माझ्या हवाली केलाय. परदेशी जाताना त्याला ते ओझं नको होतं आणि मला हवंच होतं. दर शनिवारी रात्री आतेभाऊ त्याच्या मुलीला घेऊन येतो. ती बारा वर्षांची, घरात सगळे तिला चिऊ म्हणतात. तिघं मिळून खेळतो. म्हणजे एकमेकांविरुद्ध नाही, तिघं एका बाजूला आणि पत्त्यांची एक दुष्ट गड्डी दुसऱ्या बाजूला.

नियमांची परीक्षणं भरपूर मिळतील, ती मी लिहीत नाही. मला वेगळ्याच गोष्टीचं वेड लागलंय. कादंबरीत जेमतेम दोन पानं येऊन जाणारी माणसं या खेळात कशी उतरली आहेत, ते. फ्रोडो किंवा ॲरागॉर्न या नायकांचा पत्ता कुणीही करील. खरी कसोटी दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची.

तेवढ्यासाठी दोनच गोष्टी सांगतो. प्रत्येक खेळाडू जास्तीत जास्त तीन हीरो घेऊन बसतो. प्रत्येक हीरोवर एक ‘थ्रेट’चा आकडा असतो, त्यांची बेरीज डायलवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चकतीवर, लावायची. थ्रेट म्हणजे तुम्ही शत्रूच्या नजरेत किती भरता. डायल 50 वर गेला की तुम्ही बाद. पत्ता वापरला की तो आडवा करायचा, म्हणजे त्या फेरीपुरता तो दमला.

आता फॅटी बोल्जर. कादंबरीत हा जाडजूड हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला माणूस, मित्रांबरोबर प्रवासाला जात नाही. त्याला फ्रोडोच्या मागावरच्या काळ्या घोडेस्वारांपेक्षा जुन्या अरण्याची भीती जास्त. म्हणून तो क्रिकहॉलोच्या घरात मागे थांबतो, फ्रोडो अजून तिथेच राहतोय असा देखावा करायला. काळे स्वार खरंच दारात येतात, तेव्हा हा मागच्या दाराने सुसाट पळतो आणि शेजारच्या घराच्या उंबऱ्यात कोसळतो. मग बकलंडचं शिंग वाजतं. एवढंच. कुणी त्याला पराक्रम म्हणणार नाही, पण स्वार आधी त्याच्या दाराशी आले हे खरं.

त्याच्या पत्त्यावरचा नियम असा : फॅटीला आडवा करा, समोरच्या रांगेतला एक शत्रू निवडा, त्या शत्रूच्या पत्त्यावरचा थ्रेटचा आकडा तुमच्या स्वतःच्या डायलवर चढवा, आणि त्या टप्प्यापुरता तो शत्रू मोहिमेच्या आड येणार नाही. म्हणजे मोहीम पुढे सरकते, संकट फॅटी घरी बसून अंगावर घेतो. ताकद एक, हल्ला एक. त्याच्याकडून कुणाला मारून घ्यायची आशाच नको. पहिल्यांदा हा पत्ता वापरला तेव्हा भाऊ आणि चिऊ पुढे निघाले, माझा डायल टकाटका वर गेला आणि मी म्हणालो, “जा तुम्ही, मी आहे इथे.” म्हणून झाल्यावर कळलं की हे वाक्य माझ्या तोंडून पत्त्याने काढून घेतलं. चित्र बघून असं होत नाही. पत्त्यावर पुस्तकातला उतारा छापलेला असतो, तो वाचूनही होत नाही. त्या माणसाने जे केलं तेच करायची पाळी आपल्यावर येते, तेव्हा होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक पत्त्याला हीच फूटपट्टी लावतो.

बेरेगॉन्ड या फूटपट्टीवर जवळजवळ पूर्ण उतरतो. मिनास तिरिथ या राजधानीच्या गडाचा हा पहारेकरी. शहराला वेढा पडलेल्या रात्री जागा सोडायची नाही असा हुकूम असताना, जखमी सेनानी फारामिरला जिवंत जाळायला निघालेत हे कळल्यावर तो पहारा सोडून धावतो. त्यात त्याच्या हातून आपलीच माणसं मरतात. 2012 च्या संचात तो हीरो म्हणून आला, संरक्षण चार, आणि अंगी ‘सेंटिनेल’. हा शब्द मी तीन महिने नुसता नियम म्हणून वाचत होतो : सेंटिनेल असलेला पत्ता दुसऱ्या खेळाडूवरचा वारही झेलू शकतो. मग एका डावात चिऊचा शेवटचा हीरो मरायला टेकला होता आणि मी बेरेगॉन्डला माझ्या पुढ्यातून उचलून तिच्यासाठी आडवा केला. त्याच क्षणी माझ्यावर वार करायला शत्रूच्या फौजेतला एक ऑर्क तयार होता. माझी बाजू उघडी पडली. पहारा सोडून दुसऱ्याला वाचवायला जाणं म्हणजे अजून काय असतं? ढाल-चिलखताचे पत्ते त्याला दोन नाण्यांनी (पत्ता उतरवायला नाणी मोजावी लागतात) स्वस्त पडतात, तेही गडाच्या शिपायाला शोभतं. एकच उणीव, त्याचा अपराध पत्त्यात कुठेच नाही. पुस्तकात राजा झालेला ॲरागॉर्न त्याला शहरातून काढतो आणि त्याच निकालात फारामिरच्या रक्षकदलाचा कप्तान करतो. शिक्षा आणि बक्षीस एकाच वाक्यात. हे नियमात बसवणं कठीण असेल, पण मला त्याची चुटपुट आहे.

ग्रीमा वर्मटंग 2014 च्या संचातला. हा तर थेट रोहनचा राजा थिओडेन याच्या कानाशी लागलेला विषारी सल्लागार, आणि खेळात तो तुमच्या बाजूचा हीरो! नियम : फेरीत एकदा पुढचा पत्ता एक नाणं स्वस्त करा, पण त्या पत्त्याला ‘डूम्ड 1’ लागतं, म्हणजे सगळ्या खेळाडूंचा थ्रेट एकाने चढतो. सगळ्यांचा. मी स्वस्तात माल घेणार आणि भुर्दंड तिघांना. तिसऱ्या फेरीला भाऊ म्हणाला, “अरे, तुझा फायदा होतोय हे मान्य, पण आमच्या डायलला का हात लावतोस?” मी म्हणालो, एकच तर वाढतोय. सहाव्या फेरीलाही हेच म्हणालो. नवव्या फेरीला भाऊ पन्नासवर बाद झाला आणि चहा ठेवायला उठून गेला. राजाला हळूहळू म्हातारं करणाऱ्या माणसाचं इतकं नेमकं रूप मी पाहिलेलं नाही. यात वार नाही, दगाही नाही, नुसती रोजची छोटी सवलत.

हामाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. थिओडेनच्या महालाचा हा द्वारपाल. दारात सगळ्यांची शस्त्रं काढून घेतो, पण जादूगार गँडाल्फची काठी मात्र गँडाल्फकडेच राहू देतो. हुकुमाचा अर्थ लावायची जबाबदारी स्वतःवर घेतो, आणि त्या एका निर्णयावर रोहनचं नशीब फिरतं. पुढे हेल्म्स डीपच्या दारात तो मरतो. खेळातला हामा काय करतो? हल्ल्यात उतरला की वापरून टाकलेल्या पत्त्यांतून एक डावपेचाचा पत्ता परत हातात आणतो, मग हातातला एक टाकून देतो. झालं. लोकांनी लगेच हिशेब केला की शत्रूला वार करू न देणारा तोच तो पत्ता दर फेरीला परत आणता येतो. शेवटी नियमदुरुस्ती करून त्याला डावात तीनदाच अशी मर्यादा घालावी लागली. यात दार कुठे आहे? विवेक कुठे आहे? मी हे तावातावाने मांडलं तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाला, “शत्रू दर फेरीला येतो आणि आत येऊ न देता परत जातो. द्वारपालच आहे की तो.” आठवडाभर मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय : हामाची गोष्ट त्याने कुणाला अडवलं याची नाहीच, कुणाला सोडलं याची आहे. भावाला ते पटलेलं नाही.

सगळ्यात मोठी गडबड ग्लोरफिंडेल या एल्फ योद्ध्याची. पहिल्या संचातला त्याचा पत्ता ठीक आहे. थ्रेट बारा, म्हणजे बलदंड माणूस सोबत घेतलात तर शत्रूचं लक्ष जाणारच. 2012 मध्ये दुसऱ्या रंगात, म्हणजे पत्त्यांच्या वेगळ्या गटात, त्याचा नवा पत्ता आला, अंगबळ तेच आणि थ्रेट पाच. आमच्या फॅटीचा सात आहे! ज्याला पाहून नाझगुल, म्हणजे तेच काळे स्वार, मागे सरतात, जो त्यांच्या अदृश्य जगात लखलखताना फ्रोडोला दिसतो, तो म्हणे क्रिकहॉलोत लपून बसलेल्या हॉबिटपेक्षा कमी नजरेत भरतो. बदल्यात एक अट आहे, मोहिमेवर जाऊन तो दमला की तुमचा थ्रेट एकाने वाढतो. कल्पना छान, प्रत्येक पावलाला त्याचा उजेड पसरत जातो. पण त्याच पुडक्यात ‘लाइट ऑफ व्हॅलिनॉर’ नावाचा जोडपत्ताही दिला, तो लावला की ग्लोरफिंडेल न दमता मोहिमेवर जातो, आणि अट गळून पडते. त्यामुळे जो उठतो तो ही जोडी लावतो. मीही लावतो, खोटं कशाला बोलू. जिंकायचं असतं. त्याचा घोडा आस्फालोथ मात्र मस्त उतरलाय. दुसऱ्या कुणाला दिला तर चालतो, धन्याखाली असला की दुप्पट पळतो.

गिल्डोर इंग्लोरिअनची चूक वेगळ्या जातीची. गड्डीतले वरचे तीन पत्ते बघा, एखादा हातातल्याशी बदला, तिन्ही हव्या त्या क्रमाने परत ठेवा. पुढचं थोडंसं दाखवून निघून जाणाऱ्या एल्फला अगदी शोभेल असा नियम. पण किंमत पाच नाणी. एका हीरोला फेरीला एकच नाणं मिळतं, त्यामुळे हे महाशय येईपर्यंत अर्धा डाव संपलेला असतो. पुस्तकात तो प्रवासाच्या पहिल्याच रात्रींत भेटतो, जेव्हा सल्ल्याची गरज सर्वांत जास्त असते. इथे तो लग्न लागल्यावर आलेल्या भटजीसारखा येतो.

खेळाने स्वतःची पात्रंही रचली आहेत. बेरावोर, एलिनॉर, थालिन ही नावं पुस्तकात सापडणार नाहीत. एक तर परवाना ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ एवढ्याच पुस्तकांचा, आणि त्यात लढणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या. त्यामुळे भर घालणं समजू शकतं. बेरावोर उपयोगी आहे, कुणालाही दोन पत्ते ओढून देते. पण आठ महिन्यांत तिच्याबद्दल आमच्यात एकही वाद झालेला नाही. चिऊला एलिनॉर आवडायची, कारण तिला वाटलं ही फ्रोडोच्या सोबत्याची, सॅमची मुलगी. सॅमच्या मुलीचं नाव एलानॉर, हे कळल्यावर तिने तो पत्ता माझ्याकडे सरकवला.

मधे एकदा आम्ही रामायणातले पत्ते करून पाहिले, वहीच्या कागदावर. जटायूवर अडलो. भावाने त्याला जबर हल्ला दिला, मी म्हणालो नाही, जटायू हरलाच पाहिजे, आणि पडताना शत्रू कोणत्या दिशेने गेला ते सांगता आलं पाहिजे. घरात सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आहे, 120 गोल पत्ते. त्यात प्रत्येक अवताराचा राजा आणि प्रधान, बाकी दहा पत्त्यांवर नुसती खूण. वानरसेनेतल्या कुणाला तिथे नाव नाही. आमची वही अजून जटायूवरच थांबली आहे.

घेणाऱ्यांसाठी व्यवहाराचं थोडं. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत पत्ते वाकले, प्लास्टिकची पाकिटं पहिल्या दिवशीच घाला. ज्या दुकानातून मागवलं त्यांनी फुटका डायल पाठवला आणि बदलून देताना महिना घेतला, तोवर आम्ही थ्रेट पाटीवर खडूने लिहीत होतो. इंग्रजी मजकूर बारीक आणि वकिली थाटाचा, मुलांना सुरुवातीला वाचून दाखवावा लागतो. सुधारित संचात एक ते चार जण खेळू शकतात आणि पत्त्यांच्या पुरेशा प्रती असल्याने एकच खोकं पुरतं. जुन्यात तसं नव्हतं. यात नशिबाची पाकिटं नाहीत, कोणत्या संचात कोण आहे ते आधी कळतं. अवघड आहे. पहिल्या खोक्यातली तिसरी मोहीम, डोल गुल्डुरची, आम्ही आजवर एकदाच जिंकलोय. तिथे सुरुवातीलाच एक हीरो चिठ्ठी टाकल्यासारखा निवडला जातो आणि कैदेत पडतो. त्याला सोडवेपर्यंत सगळ्यांनी मिळून फेरीला एकच साथीदार उतरवायचा.

दिवाळीच्या सुट्टीत चिऊने कादंबरी वाचायला घेतली. मराठी अनुवाद आधी तिच्या आजीने वाचून ठेवला होता, तो. गेल्या शनिवारी आली ती दारातूनच ओरडत. शेवटच्या भागात सगळे शायरला, म्हणजे हॉबिटांच्या मुलखात, परत आल्यावर फॅटी कुठे सापडतो, ते तिला कळलं होतं. तो बंडखोरांचा म्होरक्या झालेला, पकडला गेलेला, कोठडीतून बाहेर काढला तेव्हा इतका रोड झालेला की चालता येईना. पत्त्यात यातलं काहीच नाही, यावर ती भयंकर चिडली होती.

त्या रात्री आम्ही डोल गुल्डुर लावली. मी हीरोंचे पत्ते उलटे करून पिसायला घेतले, कैदी निवडायला. तिने माझ्या हातातून फॅटी काढला, कैदेच्या जागी ठेवला आणि म्हणाली, “काका, पिसायचं नाही. हाच जाणार. आणि आपण त्याला सोडवायचं.”

पाचव्या फेरीत हरलो. फॅटी तिथेच राहिला. या शनिवारी पुन्हा लावायची आहे, तोच कैदी घेऊन.