आठ महिने, एक मेटल डिटेक्टर आणि बादलीभर खिळे

डिसेंबर लागला, इथे मॅसॅच्युसेट्सला जमीन दगडासारखी झालीय, खुरपं आत जात नाही, म्हणून मशीन कपाटात गेलं आणि मी लिहायला बसलो. एप्रिलमधे घेतलं होतं, तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी सकाळी बाहेर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली थोडं रडगाणं आहे आणि मला कोणाशी भांडायचं नाही. मधल्या रेंजचं आहे, सहाशे डॉलरच्या आसपास, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं, पाण्यात बुडवलं तरी चालणारं, सोबत ११ इंची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची खालची चकती.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगतो. आमच्या गावाच्या मागे जंगल आहे आणि त्या जंगलात मधेच दगडी गडगे लागतात, अगदी कोकणात असतात तसे, चुन्याशिवाय नुसते रचलेले. जंगलात कोण कशाला गडगे घालेल असं वाटायचं, मग कळलं की अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इथलं बरंचसं जंगल तोडून शेतं आणि कुरणं केली होती, आणि पुढे १८२५ ला पश्चिमेकडे जाणारा ईरी कालवा सुरू झाल्यावर पश्चिमेकडची सपाट, बिनदगडाची जमीन लोकांना खुणवायला लागली, हळूहळू घरं सोडून लोक ओहायोकडे गेले आणि झाडं परत आली. घरं लाकडी, ती कुजून गेली, उरलं ते दगडी तळघराचं खड्डेवजा जोतं. आपल्याकडे पडक्या घराची खूण म्हणजे तुळशीवृंदावन, इथे लायलॅकचं झुडूप आणि केशरी डेलिली. मे महिन्यात रानात मधेच लायलॅक फुललेला दिसला की समजायचं, इथे कुणाचं तरी अंगण होतं.

तर मशीन. पहिला महिना अक्षरशः डोक्याला ताप. जुन्या घराभोवती खिळे किती असतात याची कल्पना मला नव्हती, दर फुटाला पाच-सहा, आणि ११ इंची कॉइल म्हणजे एका वेळी चार खिळे आणि असलंच तर एक नाणं, सगळ्यांचा मिळून एकच आवाज. जाहिरातीत लिहिलेलं असतं की लोखंड बाजूला काढून नाणं दाखवतं. दाखवतं, पण वाकडा खिळा किंवा मोठं लोखंड, म्हणजे कुऱ्हाडीचं पातं, घोड्याची नाल असलं काही, छान गोड चांदीचा आवाज देतं. मी नऊ इंच खणून नाल काढलीय, एकदा नाही, चार वेळा. बायको म्हणाली भंगारवाल्याला बोलावू का, इथे भंगारवाला येत नाही हे माहीत असून.

जूनमधे ६ इंची कॉइल वेगळी घेतली, १३० डॉलर, आणि खरं मशीन तेव्हा सुरू झालं. खोली थोडी कमी मिळते पण दोन खिळ्यांच्या मधलं नाणं वेगळं ऐकू येतं. रिकव्हरी स्पीड (एक आवाज देऊन पुढच्या वस्तूसाठी मशीन किती पटकन तयार होतं तो वेग) वाढवायचा, सेन्सिटिव्हिटी दोन घर खाली, कॉइल हळू फिरवायची, आणि धातू कुठला असावा याच्या अंदाजाचा स्क्रीनवरचा आकडा बघायचा नाही. हे शेवटचं मला सगळ्यात उशिरा कळलं. नाण्याचा आवाज कुठल्याही बाजूने गोल फिरून ऐकला तरी तोच राहतो, खिळ्याचा एका बाजूने गोड आणि ९० अंशात वळलं की तुटक, खरखरीत होतो. आकडा मात्र दोन्हीचा सारखा दिसू शकतो. सेटिंगचे व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा घरी पुठ्ठ्यावर एक खिळा आणि एक नाणं ठेवून अर्धा तास ऐका, जास्त फायदा होईल.

आणि खिळ्यांना शिव्या घालताना एक गंमत कळली, त्यांच्यावरून घराचं वय कळतं. लोहाराने हाताने ठोकलेला, चारी बाजूंनी निमुळता, डोक्यावर घणाचे घाव असलेला खिळा म्हणजे साधारण १८०० च्या आधीचा माल. पत्र्यातून कापलेले चपटे खिळे १७९० च्या दशकापासून पुढचे. आणि आजच्यासारखे गोल तारेचे खिळे सर्रास निघाले तर घरी जा, तिथे शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी दुरुस्ती केलीय किंवा घरच नंतरचं आहे. आता मी नव्या जागेवर पहिले पाच खिळे मुद्दाम खणतो.

पहिलं तांब्याचं नाणं जुलैमधे लागलं, इंग्लंडचं हाफपेनी म्हणजे अर्धी पेनी, दुसऱ्या जॉर्जचं, मागे बसलेली ब्रिटानिया. हिरवं झालेलं पण चेहरा दिसत होता. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली चिंच लाव, लख्ख होईल. मी गाढवाने लावली. इथली माती आम्लयुक्त आहे, तांबं वरून खाल्लं गेलेलं असतं आणि राजाचा चेहरा त्या हिरव्या थरातच उरलेला असतो, थर गेला की चेहरा गेला. आता माझ्याकडे एक लख्ख, गुळगुळीत, बिनराजाची चकती आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. तांब्याला पाणी, चिंच, लिंबू, ब्रश काही नको, वाळू द्यायचं आणि लाकडी टूथपिकने माती काढायची, बस.

चांदीचं उलट. ऑगस्टमधे अर्धा रेआल, म्हणजे स्पेनचं चांदीचं छोटं नाणं, निघाला, मेक्सिकोच्या टांकसाळीतला, नखाएवढा, आणि मातीतून काल पडल्यासारखा पांढराशुभ्र आला. इंग्रजांच्या वसाहतीत स्पेनचं नाणं कसं, तर इंग्लंड इकडे पुरेशी चांदी पाठवतच नव्हतं, व्यवहार स्पॅनिश चांदीवर चालायचा आणि अमेरिकेत ते नाणं कायद्याने १८५७ पर्यंत चालत होतं. मशीनने याचा आवाज इतका बारीक दिला होता की मी जवळजवळ पुढे गेलो होतो.

बाकी हिशेब खरा सांगतो नाहीतर फोटो बघून लोक भुलतात. आठ महिन्यांत वसाहतकाळातली किंवा त्याला लागून असलेली नाणी सात. सपाट बिनछिद्राची बटणं चाळीसच्या वर, शिशाच्या मस्केट गोळ्या नऊ, बुटाच्या बकलचे तुकडे, एक अंगुस्तान, आणि जनावराच्या गळ्यातलं गोल घुंगरू, आतला खडा अजून वाजतो. मला सगळ्यात आवडलेली वस्तू तीच.

तक्रारी. सोबत आलेला वायरलेस हेडफोन तिसऱ्या महिन्यात एका कानाने गेला, कस्टमर केअरने सहा आठवडे मेल-मेल खेळून बदलून दिला. बॅटरी आतच बंद आहे, नऊ तास चालते पण संपली की रानात काही करता येत नाही, पॉवर बँक नेतो. विजेच्या तारांखाली मशीन वेड्यासारखं बडबडतं. आणि पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारी हातातली छोटी कांडी, वेगळा घ्यावाच लागतो, बजेट कमी असेल तर मशीन स्वस्त घ्या पण हा घ्या, नाहीतर नाणं खुरप्याने ओरबाडलं जाणार.

अजून एक, गोचिड्या. त्या चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाला नाव मिळालं ते शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून, यातच काय ते समजा. पँट मोज्यात खोचा, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले कपडे घाला, घरी आल्यावर आधी आंघोळ.

परवानगीबद्दल. मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. राष्ट्रीय उद्यानात तर मशीन नेणंच गुन्हा आहे, कॉन्कॉर्डला जिथे १७७५ च्या एप्रिलमधे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवातीची लढाई झाली तिथे मोह होतो, पण नाही. दार वाजवताना सुरुवातीला जीभ अडखळायची, अनोळखी तपकिरी माणूस, हातात विचित्र यंत्र. पाच जण नाही म्हणाले. सहाव्या एक ऐंशीच्या आजीबाई, त्यांना मी १८५० च्या दशकातला काउंटीचा नकाशा दाखवला ज्यात घरामालकांची नावं छापलेली असतात, तर त्यांच्या पणजोबांचं नाव निघालं. तीन तास चहा. त्यांच्या शेतात निघालेलं १७८७ चं कनेक्टिकट कॉपर, म्हणजे कनेक्टिकट राज्याचं तांब्याचं नाणं, त्यांनाच दिलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय.

साताऱ्याचा मित्र विचारतो, येताना एक घेऊन ये, गडाखाली शिवराई शोधू. बाबा रे, नको. संरक्षित गडावर खणणं हा गुन्हा, आणि स्वतःच्या शेतात जरी पुरलेलं धन सापडलं तरी १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांच्या वरचं काहीही कलेक्टरला कळवावं लागतं.

परत हेच मशीन घेईन का? घेईन, पण पहिल्या दिवसापासून ६ इंची कॉइल लावून, ११ इंची नांगरलेल्या मोकळ्या शेतापुरती. मार्चअखेर जमीन सुटेल. आजीबाईंनी सांगून ठेवलंय, जुन्या विहिरीकडची बाजू अजून कोणी बघितलेली नाही, आणि येताना तो तुझा मसाल्याचा चहा घेऊन ये.